पाठकोऱ्या कागदांवरच्या सह्या

आमच्या घरात कोरा कागद फार कमी कामांना मिळायचा. नातेवाइकांना पत्र लिहायचं असलं, किंवा एखादा अर्ज करायचा असला, तर. बाकी सगळा कारभार पाठकोऱ्यांवर. अण्णा, म्हणजे आमचे वडील, नगरला एका सरकारी कचेरीत कारकून होते. रद्दीत निघालेले फॉर्म, चुकलेली टिपणं, फिकट उमटलेली परिपत्रकं ते साहेबांना रीतसर विचारून घरी आणत. एका बाजूला गिचमिड मजकूर, दुसरी बाजू कोरी. रविवारी सकाळी अण्णा पाटावर बसून सुरीनं त्या कागदांचे चार-चार तुकडे करत आणि दाभणानं भोक पाडून सुतळीत ओवत. वाण्याची यादी त्यावर, माझं कच्चं बीजगणित त्यावर, आईच्या विणकामाचे टाके त्यावर.

लिहिलेली बाजू वाचायची नाही, हा अण्णांचा नियम होता. "लोकांची प्रकरणं असतात ती. आपल्याला काय करायचंय?" लहानपणी एकदा मी कुणाच्या तरी जमिनीच्या तंट्याचा मजकूर मोठ्यानं वाचला तर त्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला होता आणि दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. पुढे पुढे नियमाची गरजच उरली नाही. ती बाजू आम्हाला दिसेनाशीच झाली.

मी फुटबॉलवाल्यांच्या सह्या गोळा करायची त्या याच तुकड्यांवर. हे वाचून कुणी हसेल. एकाहत्तर साल, मॅट्रिकला बसलेली, दोन वेण्या घातलेली कारकुनाची मुलगी आणि फुटबॉल! पण नगर हे लष्कराचं गाव. कँपातल्या मैदानावर हिवाळ्यात स्पर्धा व्हायच्या, मुंबईहून कंपन्यांच्या, बँकांच्या, रेल्वेच्या टीम यायच्या. ही माणसं नावाला नोकरीत असायची. त्यांना पगार मिळायचा तो खेळायचा. सिनेमातले नट मी कधी जवळून पाहिले नाहीत, पण गुडघ्याला चिखल लागलेला, हाफ टायमाला लिंबू चोखणारा राइट बॅक मी दोन हातांवरून पाहिला होता आणि मला तेवढं पुरेसं होतं.

सह्या घेण्याचं माझं एक शास्त्र होतं. गोलकीपरला सामन्याआधी गाठायचं, कारण नंतर तो कधीच धड मूडमध्ये नसतो. हरलेल्या टीमकडे फिरकायचं नाही. सत्कार असेल तर हार गळ्यात पडल्यावर लगेच पुढं व्हायचं, तेव्हा माणूस नाही म्हणत नाही. लष्करातले खेळाडू सही करताना नावाआधी हुद्दा आणि नावानंतर नंबर लिहायचे, जणू मी त्यांना पकडायला आले होते. घरी आल्यावर कणकेची खळ करून ते तुकडे मी दादाच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत चिकटवायची. खळीत झुरळं होतात म्हणून आई कटकट करायची आणि मी ऐकून घ्यायची.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. सह्यांचं वेड माझं, पण फुटबॉल त्याचा. तो डाव्या कडेनं खेळायचा, लेफ्ट आउट. शरीरानं किडकिडीत, पण चेंडू त्याच्या डाव्या पायाशी आला की समोरचा माणूस नुसता वळून बघत राहायचा. नागापूरला तेव्हा कारखान्यांच्या शेडी नव्यानं उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका वर्कशॉपमध्ये तो उमेदवारी करत होता. सकाळी लेथवर, संध्याकाळी मैदानावर. अण्णांना वाटे, पोरगा कायम झाला म्हणजे गंगेत घोडं न्हालं. दादाला मात्र मुंबईच्या टीममध्ये जायचं होतं. तो हे कुणाला सांगत नसे. मला माहीत होतं, कारण मुंबईच्या टीमा आल्या की तो त्यांच्या सरावाला जाऊन नुसता उभा राहायचा, आणि मी सही आणली की आधी विचारायचा, "काय म्हणाले?" खेळाडू सही करताना काय म्हणणार? पण मी काहीतरी बनवून सांगायची.

त्या वर्षी स्पर्धा जिंकलेल्या मुंबईच्या टीमला देवळाली प्रवरेकडच्या एका साखर कारखान्यानं बोलावलं. सत्कार आणि त्याआधी एक मैत्रीचा सामना, समोर जिल्ह्यातले अकरा. त्या अकरांत दादा होता. कारखान्याच्या ट्रकमधून जिल्ह्याची टीम गेली. "मी सह्यांसाठी येणार" म्हणून मी हट्ट धरला, आणि अण्णांनाही दादाचा खेळ बघायचा होता, म्हणून आम्ही दोघं एसटीनं गेलो. मैदान उसाला लागूनच होतं. आखलेल्या रेषेच्या पलीकडे ऊस तोडणारी माणसं, शेतकरी, शाळेची पोरं दाटीवाटीनं बसली होती. मी दोरीखालून आत शिरायला लागले तर रखवालदार ओरडला, "ए पोरी, कुठं निघालीस? हितं लई गर्दी हाय, चेंडू बसला तर तुजा बा मला इचारल." अण्णा म्हणाले, "मीच तिचा बाप." तो म्हणाला, "मग तुमीच आवरा तिला." आणि त्यानं आम्हाला दोघांनाही आत सोडलं.

दादा त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता. मुंबईकरांच्या राइट बॅकला त्यानं तीनदा मागं टाकलं. तिसऱ्यांदा त्याच्या पासवर आमचा गोल झाला तेव्हा ऊस तोडणाऱ्यांनी टोप्या उडवल्या. अण्णा टाळ्या वाजवत नव्हते. ते दोन्ही हात मांडीवर घट्ट ठेवून बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. सामना आम्ही हरलो, पाच-एक. पण सत्कारानंतर त्यांचा कॅप्टन, उंच, कानशिलावर केस पिकलेला माणूस, स्वतः दादापाशी आला. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मुंबई आएगा? मैं मॅनेजर से बात करता हूँ. जाने से पहले तेरे को खबर करूँगा." मग माझ्या हातातले तुकडे बघून विचारलं, "ये कौन?" दादा म्हणाला, "बहन है. सही जमा करती है." कॅप्टन हसला आणि त्यानं मला सही दिली.

परतताना दादा ट्रक सोडून आमच्याबरोबर एसटीनं आला, आम्ही तिघं एका बाकावर बसलो. दादा खिडकीबाहेर बघत होता. अण्णांनी नगर येईपर्यंत तीनदा विचारलं, "खबर करतो म्हणाला ना रे?" दादा दर वेळी नुसती मान हलवायचा. तो इतका खूश होता की त्याला बोलता येत नव्हतं.

हे रविवारी झालं. मुंबईची टीम मंगळवारी परतणार होती. निघण्याआधी कापड बाजाराजवळ एका सायकलच्या दुकानाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते होतं. दादाची त्या दिवशी सकाळची पाळी होती. मी म्हटलं, "एक दिवस दांडी मार." तो म्हणाला, "त्यांनी खबर करतो म्हटलंय. मी तोंडापुढं जाऊन उभा राहिलो तर मागायला आल्यासारखं दिसेल. तू सह्यांना जातेच आहेस." मग सायकलवर बसताना पुन्हा म्हणाला, "ते काही म्हणाले तर नीट लक्षात ठेव."

दुकानासमोर बँड लावला होता. फीत कापून झाली, पेढे वाटून झाले, आणि खेळाडू एकदम बसमध्येच चढले. मला अख्ख्या टीमच्या सह्या एका कागदावर हव्या होत्या, म्हणून मी त्या दिवशी पाठकोऱ्याचा अर्धा ताव आणला होता. तो कागद आणि माझं पेन मी खिडकीतून आत दिलं. कागद बाकाबाकावरून फिरत मागे गेला. बसचं इंजिन चालू झालं, बँडवाल्यांना तेवढ्यात सनईचं एक गाणं सुचलं. कॅप्टननं दुसऱ्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तेरा भाई नहीं आया?" मी ओरडून सांगितलं, "ड्यूटी है." त्यानं आत वळून कागद मागून घेतला, मांडीवर ठेवून बराच वेळ लिहिलं आणि माझ्या हातात दिला. "भाई को देना. भूलना मत." बस निघाली. माझं पेन आतच राहिलं.

मी कागद पाहिला. कोऱ्या बाजूवर चौदा सह्या होत्या. कडेपर्यंत, बोटभरही जागा उरली नव्हती. अख्खी टीम! मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. त्यांनी तो मुद्दाम दादासाठी दिला याचंही मला कोण कौतुक वाटलं.

दादा दुपारी घरी आला तो सायकल नीट उभी न करताच आत आला. मी कागद त्याच्या हातात दिला. "तुला द्यायला सांगितलाय." त्यानं तो धरला, सह्यांवरून नजर फिरवली. "निरोप?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "निरोप काही नाही. तू का आला नाहीस म्हणून विचारलं फक्त." या वेळी मी काहीही बनवून सांगितलं नाही. तो कागदाकडे आणखी थोडा वेळ बघत राहिला. मग मला परत दिला आणि म्हणाला, "तुझ्या वहीत लाव. माझ्याकडून हरवेल." मी संध्याकाळीच खळ केली आणि लावला. चांगला दाबून, कोपरे वर येऊ नयेत म्हणून वर पाटा ठेवून.

नंतरचे दिवस मला आजही नकोसे वाटतात. अण्णा कचेरीतून आले की आधी टपाल विचारायचे. पोस्टमन गल्लीत शिरला की आई उगाचच दारात येऊन पदराला हात पुसायची. दादा मात्र काही विचारत नसे. दोन आठवड्यांनी अण्णा म्हणाले, "मी लिहू का त्यांना?" तेव्हा तो एकदम तडकला. "नाही लिहायचं. कळवतो म्हणाले, नाही कळवलं, म्हणजे नकोय. एवढं कळतं मला." तो अण्णांशी वर मान करून कधी बोलत नसे. अण्णांनी पत्र लिहिलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी त्या कॅप्टनचा जो राग धरला तो धरलाच. "मोठी माणसं. पोराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि बस सुटली की विसरायचं. शब्दाला किंमत नाही." कुणीही घरी आलं, विषय कुठलाही असला, तरी अण्णा तिथवर यायचेच.

उन्हाळ्यात दादानं मैदानावर जाणं सोडलं. बूट खुंटीला टांगले ते टांगलेच. वर्षाअखेरीला लढाई झाली, स्पर्धा झाली नाही. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा खेळाचं कुणाला सुचणार? त्याच वर्षी वर्कशॉपमध्ये एक जड ओतीव भाग क्रेनच्या साखळीतून निसटला आणि दादाच्या डाव्या पायावर पडला. दोन बोटं काढावी लागली. तो महिन्याभरात कामावर रुजू झाला, कायमही झाला. चालताना फारसं कळायचं नाही. धावताना कळलं असतं, पण तो आता धावत नव्हता. बूट आईनं कुणाला तरी देऊन टाकले.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. आईनं सांगितलं, ती झुरळांची वही सासरी न्यायची नाही. मी म्हटलं, वही नको तर नको, निवडक सह्या सोडवून नेते. पाण्याची तेव्हा इतकी ओढ होती की मी एका वाटीत घोटभर पाणी घेऊन, फडक्याचं टोक भिजवून एकेक तुकडा ओला करत बसले. चौदा सह्यांचा कागद मी शेवटी घेतला. शाई पसरू नये म्हणून कडेनं हळूहळू ओलं केलं. तो अख्खा निघाला. खळ लागलेली बाजू वर करून मी तो खिडकीत वाळत ठेवला आणि वही आवरायला लागले.

मग सहज नजर गेली. छापील फॉर्म होता, कसल्याशा अर्जाचा. समासात आडवं इंग्रजी लिहिलेलं होतं. कचेरीतले शेरे असायचे तसंच. पण शाई माझ्या पेनाची होती. जांभळट. तशी शाई मी स्वतः दोन दौती मिसळून करायची, ती कुठल्याच कचेरीत नव्हती.

त्यानं दादाला लिहिलं होतं. मॅनेजरशी बोलणं झालं आहे. पुढच्या सोमवारी दुपारी तीन वाजता आमच्या मैदानावर ये, बूट आण, गेटवर माझं नाव सांग. राहायची सोय करतो. खाली एक ओळ होती, तिच्याखाली रेघ मारलेली: नक्की ये, आम्हाला डाव्या बाजूला माणूस नाही.

मला आधी काही वाटलंच नाही. मग मी खिडकीचा गज धरून खाली बसले. मी तो कागद बाजारातून घरापर्यंत छातीशी धरून आणला होता. दादानंही तो हातात धरून पाहिला होता. नुसता उलटा करायचा होता. पण पाठकोऱ्याची ती बाजू आमच्या घरात कुणी बघत नसे.

दादाला सांगू नये, असं मला अर्धा दिवस वाटत होतं. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. तो कामावरून आला, पाय धुऊन ओट्यावर बसला, तेव्हा मी कागद त्याच्यापुढे धरला आणि रडायला लागले. त्यानं वाचला. सावकाश, बोट फिरवत. त्याचं इंग्रजी बेताचं होतं. एका शब्दाला तो अडला आणि मला विचारलं, "हे काय लिहिलंय?" मी सांगितलं, "नक्की." तो "हं" म्हणाला.

मी म्हटलं, "दादा, मी तुझं वाटोळं केलं." तो म्हणाला, "माझ्याही हातात होता की." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणजे त्यांनी बोलावलं होतं." आणि तो हसला. खरंच हसला. मला ते हसू बघवेना. दोन वर्षं तो मनात काय धरून बसला होता ते मला त्या हसण्यात कळलं.

मी म्हटलं, अण्णांना दाखवू या. ते उगाच त्या माणसाला शिव्या देतात. तेव्हा मात्र त्याचा चेहरा बदलला. "अजिबात नाही," तो म्हणाला. "कागद त्यांचा. नियम त्यांचा. हे कळलं तर ते जगायचे नाहीत. तू परत चिकटव." तो उठून आत गेला, डब्यातून मूठभर कणीक आणून माझ्यासमोर ठेवली आणि खळ होईपर्यंत तिथंच बसून राहिला.

त्यानंतर आठवड्यानं माझ्या सासरची माणसं याद्या करायला आली. पंगत बसली. मी आणि आई वाढत होतो. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी दादाला पायाबद्दल विचारलं, आणि दादा उत्तर देण्याआधी अण्णांनी सुरुवात केली. साखर कारखान्यावरचा सामना, तीनदा मागं टाकलेला बॅक, पाठीवरचा हात. "बोलावतो म्हणाला होता हो. साधं दोन ओळींचं पत्र टाकायला काय जात होतं? शब्दाला जागला नाही माणूस. नाहीतर हा आज मुंबईला असता, पाय धड असता." माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. मी दादाकडे पाहिलं नाही.

दादा म्हणाला, "नाही अण्णा. त्यांना बोल लावू नका. त्यांचं काही चुकलेलं नाही."

"मग कुणाचं चुकलं?"

"कुणाचंच नाही. तो एक दिवस जमून गेलं होतं. मुंबईला खेळण्याइतका मी चांगला नव्हतोच. त्यांनी बघितलं, त्यांना कळलं. बस." आणि त्यानं माझ्यापुढे ताट सरकवून वरण मागितलं.

अण्णांचा घास हातात राहिला. ते दादाकडे बघत होते. मला वाटलं, ते आता भांडतील, मैदानावर आपण स्वतः काय पाहिलं ते सांगतील. उसाच्या कडेला दोन्ही हात मांडीवर दाबून बसलेला तो माणूस असं ऐकून कसं घेईल? मी मनात म्हणत होते, अण्णा, भांडा.

ते म्हणाले, "असेल बाबा. खेळातलं तुला जास्त कळतं." आणि जेवायला लागले. त्या कॅप्टनचं नाव त्यांनी नंतर कधीच काढलं नाही. पुढे सोळा वर्षं जगले. त्यांना ते पटलं होतं.